बर्फबुढा

दर रविवारी जवाहरनगरला भुपेंद्रच्या क्वार्टरमध्ये आम्ही माझा खेळ खेळतो. माझा म्हणजे अगदी माझाच. नकाशा मी काढला, फाशांचे नियम मी बसवले, उत्तरेच्या बर्फात राहणाऱ्या लोकांना देवही मीच दिले. वाऱ्याचा, आगीचा, अस्वलाचा, आणि सगळ्यांच्या वर हिमाई. बाकीचे आपापलं पात्र घेऊन त्या जगात हिंडतात. बर्फ कुठे फुटला, पुजारी काय बोलला, ते मी सांगतो.

दिवाळीनंतर अंकुश खेळायला आला आणि विचारू लागला, "मी एक देव आणू का?" मी मोठ्या मनाने आण म्हटलं. तिथेच फसलो.

त्याचा देव म्हातारा. कानाने कमी ऐकतो, मागितलं एक तर देतो भलतंच. त्याला चालवत नाही, म्हणून लोक त्याला पाठीवर घेऊन मुक्काम हलवतात. नाव बर्फबुढा. दोन रविवारांत सगळे त्याला आळीपाळीने पाठीवर घेऊ लागले. माझी सख्खी बहीण रंजू फासे टाकताना हिमाईचं नाव घ्यायची, तीही म्हणाली, "बुढ्याले थंडी वाजत असन." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"तुमच्या घरी देव्हारा नाही," मी अंकुशला म्हणालो. "तुले देव कसा जमला बे?"

"म्हणूनच जमला. मले त्याचं भेव नाही वाटत."

हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. माझ्या एकाही देवाला मी साधी शिंक येऊ दिली नव्हती.

परवाच्या रविवारी ते बुढ्याला घेऊन गोठलेला तलाव ओलांडत होते. फासे टाकायला हवे होते, मी टाकले नाहीत. "बर्फ फुटला," मी म्हणालो. "बुढा तळाशी गेला." खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

मग रंजू म्हणाली, "दादा, पाण्यात गेला ना तो? मंग त्याचा दगड मांडा लागन."

आम्ही शहापूरचे, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे. आमच्या घरात जो तलावात बुडाला, त्याचा पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, दगड मांडतात, शेंदूर लावतात, आणि त्याला हात जोडल्याशिवाय जाळं टाकत नाहीत. बुढ्याला मी अस्वलाला खायला घातला असता तर कायमचा संपला असता. पण मला मेलं पाणीच सुचलं.

भुपेंद्रने नकाशावर तलावाच्या काठी खोडरबर उभं केलं. रंजूने कपाळावरची टिकली काढून त्याला लावली. मग दोघं माझ्याकडे बघत बसले, कारण पुजारी मी.

"राहू द्या," अंकुश त्या दोघांना हळूच म्हणाला. "त्याले प्रार्थना म्हणायले नका सांगू."

त्याने माझी कीव केली, तेवढं मात्र सहन होईना. मी हात जोडले आणि मोठ्याने प्रार्थना म्हणू लागलो. शब्द आपोआप येत गेले. रंजूचे डोळे भरून आले, अंकुशही मान खाली घालून ऐकत होता. हिमाईसाठी इतकं चांगलं मला एकदाही सुचलं नव्हतं.