स्वच्छ वास

भाचीचा फोन वाजला तेव्हा ती प्रयोगशाळेत होती, आणि पलीकडे मामा नुसता खुशीत होता. कातडी कमावण्याच्या त्याच्या कारखान्यात तिने कालच आपलं यंत्र बसवलं होतं. सांडपाण्यात वीज सोडायची, की पाण्यातली घाण निघणार आणि एका नळीतून हायड्रोजन छपराबाहेर जाणार. पाण्यात वीज सोडणाऱ्या पट्ट्यांवर महागड्या प्लॅटिनमऐवजी निकेल आणि लोखंडाचा लेप होता. त्या लेपापायी तिने रक्ताचं पाणी केलं होतं.

"पोरी, जिंकलीस," मामा म्हणाला. "आयुष्यभर इथे नाकाला रुमाल लावून बसलो. आज पहिल्यांदा स्वच्छ वास येतोय. पोहायच्या तलावावर येतो ना, अगदी तसा."

क्लोरीन! प्रयोगशाळेत चाचणीचं सांडपाणी तिने स्वतः बनवलं होतं, आणि त्यात मीठ नव्हतं. कारखान्यात मात्र कातडी मिठात मुरूनच येतात, आणि खारट पाण्यात वीज सोडली की क्लोरीन सुटतो. लहानपणी त्याच मिठाच्या ढिगावर ती घसरगुंडी खेळायची, आणि नेमकं तेवढंच या शहाणीला आठवलं नाही.

यंत्राच्या शेडची दारं उघडी आहेत का, तिने विचारलं. छे, बाहेरची दुर्गंधी आत नको म्हणून मामाने ती घट्ट लावून घेतली होती. मग तो स्वतः कुठे होता? अंगणात, शेडमध्ये रेंज कुठे मिळते! तिचा जीव भांड्यात पडला.

"आत तुझी मामी आहे," मामा हसत म्हणाला. "लग्न झाल्यापासून या शेडमध्ये तिने पाय ठेवला नव्हता. आज चटई टाकून झोपलीय बघ."

हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचणारा. सुट्टीचा दिवस, कारखान्यात दुसरं कोणी नाही. म्हणजे मामालाच आत पाठवायचं.

"मामा, तो वास विषाचा आहे. आधी बाहेरचा मेन स्विच बंद कर. ओला रुमाल तोंडाला बांध, श्वास रोख आणि मामीला बाहेर ओढ."

फोन कुठेतरी आदळला. दार करकरलं. नंतर काहीच ऐकू येईना. ती वेड्यासारखी फोनमध्ये "मामी, मामी" करत राहिली.

मामाचा खोकला आला. तो तिला ओळखीचा होता. ती दुसऱ्या खोकल्याची वाट बघत राहिली. तो आला, बारीक, लांबलेला. ती रडू लागली.

"अहो," मामीचा घोगरा आवाज आला, "मला परत या घाणीत कशाला आणलंत?"