सुरी कुणाच्या हातात

दर रविवारी डॉक्टर गोरगरिबांची ऑपरेशनं फुकट करायचे, आणि सिस्टरबाई स्वतःची सुट्टी मोडून त्यांच्या हातात हत्यारं द्यायच्या. अख्ख्या गावाचा डॉक्टरांवर जीव. बाईंचा जीव मात्र आज टांगणीला लागला होता.

सकाळी डॉक्टरांच्या हातातला कप बशीवर किणकिणला होता. त्यांनी तो मुकाट्याने खाली ठेवला. ते बघितलं फक्त बाईंनी. "माझा हात थरथरला, की मला सुरी द्यायची नाही," असं डॉक्टरांनीच त्यांना मागे कधीतरी बजावलं होतं. बोलायला काय जातंय! देवमाणसाला नाही म्हणायचं पाप बाईंच्या माथी.

टेबलावर हर्नियाचा त्रास असलेला एक हमाल गुंगीत पडला होता. पलीकडे मदतीला डॉक्टरांची लेक उभी होती, तीही सर्जनच. नेहमीसारखा डॉक्टरांचा हात न बोलता पुढे आला. बाईंनी त्या हातावर सुरी ठेवलीच नाही. जखम ओढून धरायचा रिट्रॅक्टर ठेवला, जो मदतनिसाने धरायचा असतो. सुरी दिली लेकीला.

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. आता आपली काही धडगत नाही, असं बाईंना वाटलं.

डॉक्टर हातातल्या रिट्रॅक्टरकडे बघत राहिले. मग टेबलाला वळसा घालून लेकीच्या जागी जाऊन उभे राहिले.

"काय हो बाई," ते मास्कमधून पुटपुटले, "किती रविवार वाट बघायला लावलीत!"