बुवांचं गरम पाणी आणि काकूचा हेडफोन

रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या आमच्या दत्तमंदिराच्या हॉलमध्ये कीर्तनाच्या गादीजवळ एकच सॉकेट आहे आणि एक्स्टेन्शन बोर्डाला बंदी आहे. एका वर्षी बोर्डातून ठिणगी उडून गादीचा कोपरा पेटला. बुवा तेव्हा नेमके लंकादहनावर होते. लोकांना वाटलं देखावा आहे, आणि विझवायला उशीर झाला. तेव्हापासून मंडळाचे व्यवस्थापक बाबाराव यांनी बोर्ड बंद केला तो केलाच.

माझी इंदूकाकू या हॉलमध्ये उजवीकडच्या खांबाला टेकून कीर्तन ऐकत आली, माझ्या लहानपणापासून. मी पुढे पेटीवर बसायला लागलो, ती खांबाशीच राहिली. पण अलीकडे ती नुसती बसते. कानाचं यंत्र घरात चालतं. हॉलमध्ये पेटी, तबला, झांजा, टाळ्या आणि लाउडस्पीकर यांचं तिच्या कानात कालवण होतं. यंदाच्या तीन दिवसांच्या कीर्तनाआधी तिनं सांगून टाकलं, “या खेपेले ऐकू आलं तं ठीक. नाही तं मी खांब सोडते. ज्याले ऐकू येते तो बसू दे तिथं.”

काकांच्या मागे तिनं पुष्कळ काही सोडलं, चहातली साखरसुद्धा, आणि कधी बोलून दाखवलं नाही. खांबाचं मात्र बोलून दाखवलं. माझा मुलगा स्वानंद तेव्हा जेवत होता. तो जेवताना मान वर करत नाही. त्या दिवशी त्यानं केली.

स्वानंद तेलीबांध्याच्या एका कंपनीत ड्रायव्हर लिहितो. गाडीचे नाही. संगणकाचा जो गाभा असतो, कर्नेल, त्याची आणि बाहेरच्या यंत्राची बोलणी करून देणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. गुढियारीच्या एका भंगारवाल्या कबाड्याकडे त्याला कानाच्या बंद पडलेल्या दवाखान्यातला एक डबा मिळाला. माणसाचा कान जिथं कमी पडतो तेवढाच आवाज हा डबा उचलून देतो, बाकीचा गोंगाट मागे सारतो. डबा करणारी कंपनी बुडाली होती आणि ड्रायव्हर तिच्याबरोबर गेला होता. म्हणून स्वानंद तो नव्यानं लिहायला बसला.

कर्नेल जुन्या सी भाषेतला. त्या भाषेत तुम्ही म्हणाल ते चालतं. पडलात तर तुमचं नशीब. स्वानंद लिहितो रस्ट नावाच्या नव्या भाषेत, आणि ती फार संशयी आहे. खात्री पटल्याशिवाय प्रोग्राम तयारच करू देत नाही. या दोघींच्या मधे एक पातळ थर लिहावा लागतो, त्याला बाइंडिंग म्हणतात. त्या थरात काही जागा अशा येतात, की तिथं रस्टलाही तपासता येत नाही. तिथं लिहिणाऱ्यानं ‘असुरक्षित’ असा शिक्का मारायचा आणि तरीही हे सुरक्षित का आहे, ते वर लिहायचं. शपथच म्हणा ना.

स्वानंदनं लिहिलेल्या शपथेचा अर्थ असा होता, की कीर्तन चालू असताना डब्याचा प्लग कोणी काढणार नाही.

त्याच्या कंपनीतली सोनिया त्याचं लिखाण तपासते. मराठी घरातली आहे, पण बोलते हिंदीतच.

“ये गारंटी किसने दी?” तिनं विचारलं.

“बाबाराव काका ने, दीदी.”

“काका कर्नेल में हैं?”

बाबारावांनी तर सॉकेटवर कागदही चिकटवला होता: ‘प्लगला हात लावू नये. हुकमावरून, व्यवस्थापक.’ स्वानंदनं फोनवर त्याचा फोटो दाखवला. सोनिया म्हणाली, “आपने कागज़ चिपकाया है, भैया. कोड नहीं लिखा.” पण कीर्तन दुसऱ्या दिवशी होतं, आणि आमचा पोट्टा घाईत होता.

पहिल्या दिवशी आर्वीचे बुवा उभे राहिले. त्यांचा माइक स्वानंदच्या लॅपटॉपला जोडला होता. तिथून एक वाट लाउडस्पीकरला आणि दुसरी डब्यातून काकूच्या हेडफोनला. पूर्वरंग सुरू झाला आणि खांबाशी काकूचा हात मांडीवर ताल धरू लागला. पेटीवरून मला तो दिसत होता. मी दोन ठिकाणी चुकीचा सूर लावला, तो त्यामुळे.

पूर्वरंग संपला. आता बुवांना हार घालायचा, बुक्का लावायचा आणि कोमट पाणी द्यायचं, की ते उत्तररंगाला मोकळे. सगळे ‘विठ्ठल विठ्ठल’ गजरात होते. बाबाराव हातात इलेक्ट्रिक किटली घेऊन आले, वाकले आणि त्यांनी डब्याचा प्लग काढून किटली लावली.

लॅपटॉप जागच्या जागी गोठला. लाउडस्पीकरमधे गजराचा शेवटचा तुकडा अडकला: “ठल ठल ठल ठल ठल.” लोकांना वाटलं, बुवांनी लय वाढवली. टाळ्या वाढल्या. तबलजी मागे धावला. बुवांनी तोंड मिटलेलं होतं आणि ते माझ्याकडे बघत होते. मी सूर देत राहिलो. दुसरं काय करणार? स्वानंदनं बटण दाबून धरून लॅपटॉप बंद केला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या प्रेमलाताई डोळे पुसत म्हणाल्या, “असा गजर रायपुरात नाही झाला.”

काकूनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला होता.

“काका, कागद तं तुम्हीच लावला होता ना?” स्वानंदनं विचारलं.

“तो लोकांसाठी होता,” बाबाराव म्हणाले. “मी बुवांचं पाणी तापवून राहिलो होतो.”

“थर्मासमधे आणत जा ना मग.”

“थर्मासचं पाणी शिळं. बुवांच्या गळ्याले ताजं लागते. अन् प्लग काय, तो तं मी परत लावलाच असता.”

घरी आल्यावर काकू म्हणाली, “उद्या मी घरीच जप करते.” आणि दुसऱ्या दिवशी खरंच गेली नाही.

त्या सकाळी सोनिया आमच्या घरी आली. स्वानंद बाबारावांबद्दल बरंच बोलला. तिनं पोहे संपेपर्यंत ऐकून घेतलं. “काका की गलती नहीं है,” ती म्हणाली. “वादा आपने लिखा, और निभाना उनको था.”

मग दोघांनी तो थर नव्यानं लिहिला. आता डब्याला सरळ हात लावताच येत नाही. दर वेळी आधी विचारायचं, आहेस का? नाही म्हटलं, तर गुपचूप मागे फिरायचं. न विचारता पुढे जाणारी ओळ लिहिली, तर प्रोग्राम तयारच होत नाही. आणि आत शिरल्यावर डबा गेला तर, तेही बघितलं होतं. वर शपथ एवढीच उरली, की हा डबा केव्हाही जाऊ शकतो.

प्लग ओढायचं काम माझ्याकडे आलं. “बाबा, मनात येईल तेव्हा ओढा. सांगू नका,” स्वानंद म्हणाला. मी पेटी घेऊन बसलो आणि आलाप घेता घेता ओढू लागलो. पहिल्यांदा लॅपटॉप पुन्हा गोठला, तेव्हा मी माफी मागितली. सोनिया म्हणाली, “अंकल, माफी मत माँगिए. फिर से खींचिए.” संध्याकाळपर्यंत मी निर्ढावलो होतो, आणि लॅपटॉपही.

तिसऱ्या दिवशी काकूला उठवणं अवघड गेलं.

“पुन्हा नाही आलं ऐकू तं?”

“तं उठून ये, काकू. मी पेटी सोडून तुले घरी आणतो.”

“पेटी कशाले सोडतो? मी काय आंधळी आहे?” ती म्हणाली आणि लुगडं बदलायला गेली.

देव एका भक्ताच्या घरी नोकर म्हणून पाणी भरायला राहिला, ते आख्यान होतं. शेवटचा दिवस म्हणून हॉलमागे प्रसादाच्या पुऱ्या तळल्या जात होत्या. पूर्वरंगात काकूचा हात ताल धरत होता. मध्यंतरात बाबाराव आले, कागद न वाचता वाकले आणि प्लग काढला. लाउडस्पीकर चालूच राहिला. काकूच्या हेडफोनमधे मात्र शांतता झाली असणार, कारण तिचा हात थांबला आणि ती माझ्याकडे बघू लागली. मी अंगठा तोंडाला लावून पाण्याची खूण केली. तिनं मान हलवली. पण तिचा दुसरा हात हेडफोनवर होता, काढायच्या बेतात.

किटली उकळली. बाबारावांनी प्लग परत लावला. बुवांनी उत्तररंग उचलला आणि काकूचा हात मांडीवर खाली आला, तो समेवर.

पुढे देवानं घागर खांद्यावर घेतली आणि गजर सुरू झाला. पेटी, तबला, झांजा, टाळ्या. त्या गदारोळात बाबाराव पेला उचलायला बुवांजवळ, माइकपाशीच वाकले आणि काहीतरी कुजबुजले. मी हातभर अंतरावर होतो, मला काही कळलं नाही. बुवांनी मान डोलावून गजर आवरता घेतला.

तेवढ्यात खांबाकडून आवाज आला. हेडफोन लावलेल्या माणसाला आपला आवाज किती चढतो, ते कळत नाही.

“काहून आटपतं घ्यायचं, बाबाराव? पुऱ्या थंड झाल्या तं होऊ द्या! देवानं आत्ता कुठं एक घागर भरली!”

बाबारावांनी आधी माइककडे पाहिलं, मग डब्याकडे, मग प्लगकडे. पण हात लावला नाही.

बुवांनी खांबाकडे वळून हात जोडले. “भरतो, माई,” ते म्हणाले, आणि देवानं त्या घरातलं सगळं पाणी भरलं, रांजण, हंडे, तुळशीपुढची पंचपात्रीसुद्धा.

पुऱ्या चामट झाल्या होत्या. काकूनं दोन जास्त घेतल्या.