भिंतीवरच्या बारा सवती

मी हिरवी पट्टी बोलतेय. गवत नव्हे, गवताची नक्कल. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायचं मशीन आणि हात धुवायचं बेसिन यांच्या मधल्या फरशीवर माझं अंथरूण आहे. माझ्या एका टोकाला लाकडी फळी, फळीत भोक आणि भोकात प्लास्टिकची वाटी. दुसऱ्या टोकाला उभं राहून माणूस काठीने चेंडू हळूच ढकलतो, चेंडू माझ्या अंगावरून घरंगळत जातो आणि नशिबात असेल तर वाटीत पडतो. मैदानावर न जाता गोल्फचा सराव करता यावा म्हणून मला बनवलं. दिसायला मी साधी असले तरी स्वभावाने साधी नाही. मी जळकी आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको.

कारखान्यात मी एका भल्यामोठ्या गुंडाळीचा भाग होते. माझ्या सख्ख्या बहिणी कुठे कुठे गेल्या. कुणी फळवाल्याच्या दुकानात संत्र्यांखाली पसरली, कुणी कपड्यांच्या दुकानात पुतळ्यांच्या पायाशी. माझ्याच वाट्याला फळी आणि वाटी आली. तेव्हापासून मला थोडी घमेंड चढली ती चढलीच.

मालकांनी मला विकत आणलं ते कप्तानांच्या नादाने. कप्तान म्हणजे जहाजावरून निवृत्त झालेले मालकांचे मित्र. चष्म्याचा स्क्रू ढिला झाला हे निमित्त करून यायचे आणि तासभर बसायचे. त्यांनीच मालकांना गावाबाहेरच्या नऊ होलच्या लहानशा मैदानावर नेलं, हातात काठी दिली आणि चांगल्या माणसाला वेड लावलं. मालक दर रविवारी सकाळी तिकडे जायचे. बाकी सहा दिवस मात्र माझे.

ते दिवस काय सांगू! दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं. मालक आणि मालकीणबाई डबा खायचे. मालकीणबाई पुढे जाऊन फ्रेमी पुसत बसायच्या आणि मालक चपला काढून, अनवाणी, माझ्यापाशी यायचे. त्यांचे तळपाय थंडगार असायचे. चेंडू वाटीत पडला की "टक्" असा आवाज व्हायचा आणि पुढून मालकीणबाई न बघताच म्हणायच्या, "पडला वाटतं!"

आता एक गोष्ट सांगते, जी मालकांना ठाऊक नव्हती. या खोलीत पूर्वी लॉन्ड्री होती. पाणी निघून जावं म्हणून तिची फरशी बेसिनकडे उतरती केलेली आहे. डोळ्यांना ते कळत नाही. पण चेंडूला कळतं. सरळ मारला तर तो उजवीकडे, बेसिनच्या बाजूला वळतो. मालक रोज खेळून खेळून नकळत वीतभर डावीकडे मारायला शिकले, आणि चेंडू झोकात वळून वाटीत पडायला लागला. जगाच्या नजरेचे नंबर काढणारा हा माणूस, पण स्वतःच्या पायाखालचा उतार त्याला दिसला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्यामुळे रविवारी मैदानावर त्यांचा चेंडू होलच्या डावीकडून जायचा. दर वेळी. कप्तान पोट धरून हसायचे. "अरे, तू उजवा, तुझी काठी उजवी, मग चेंडूच तेवढा डावखुरा कसा?" मालक सोमवारी दुपटीने सराव करायचे. म्हणजे माझ्याकडेच यायचे. मला कशाला वाईट वाटेल?

मग त्या आल्या.

काचा पुरवणाऱ्या कंपनीने नव्या वर्षाचं कॅलेंडर दिलं. बारा महिने, बारा चित्रं, जगातली गोल्फची बारा नामांकित मैदानं. वर्ष संपल्यावर कॅलेंडर रद्दीत जातं, ही जगरहाटी. पण मालकांनी बाराच्या बारा पानं सोडवून माझ्यासमोरच्या भिंतीवर ओळीने टाचली. मी खाली फरशीवर, त्या वर भिंतीवर. मालकीणबाई लग्नाच्या, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण या बारा सवती!

एकेकीचा नखरा बघा. मार्च समुद्राच्या कड्यावर बसलेली, तिच्याकडे चेंडू मारायचा तर मध्ये लाटा. मे वाळवंटात, आजूबाजूला पाण्याचा थेंब नाही आणि ही आपली हिरवीगार. जून उंच डोंगरावर. कप्तान सांगायचे, तिथे हवा विरळ, चेंडू लांबवर जातो. नोव्हेंबर ज्वालामुखीच्या काळ्या खडकांत पाय पसरून पडलेली. कप्तान यातल्या तीन-चार ठिकाणी खेळून आले होते आणि ते त्यांच्या तोंडून कधी संपत नसे.

पण माझा खरा दात सप्टेंबरवर. तिच्या अंगावर एक झाड नाही. समुद्राकाठची जुनी, वाऱ्याने झोडपलेली जमीन, वाळूचे उंचवटे, माणूस बुडेल असे खड्डे, पिवळट गवत आणि मधोमध एक लाल झेंडा. ना रूप, ना रंग. आणि तिलाच बघत मालक काठी हातात धरून उभे राहायचे.

"तिथे पहिल्यांदा मेंढ्या चरायच्या," कप्तान म्हणायचे. "मैदान माणसाने बनवलंच नाही. वाऱ्याने आणि मेंढ्यांनी बनवलं. आयुष्यात एकदा तरी तिथे उभं राहावं बघ."

मेंढ्यांनी कुरतडलेली ती थोर, आणि मी कारखान्यात मापात कापलेली, माझी काही किंमत नाही! माझा नुसता जळफळाट व्हायचा. दुरून डोंगर साजरे, मी मनात म्हणायची. तिथला वारा सोसून बघा, मग कळेल.

एका दुपारी मालक तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, सप्टेंबरचा झेंडा कुणी पुसला?"

मालकीणबाई पुढून आल्या. "झेंडा आहे की. हा काय, लाल."

"कुठे?"

"मधोमध."

मालकांनी मान तिरकी केली. मग एक डोळा झाकला, मग दुसरा. मला आधी आनंदच झाला, म्हटलं, उतरली मनातून! पण मालक खुर्चीवर बसले आणि त्यांनी मालकीणबाईंचा हात धरला. दुसऱ्यांच्या डोळ्यांत टॉर्च मारून ज्यांनी जन्म काढला, त्यांना कुणी काही समजावून सांगायला नको होतं.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. डोळ्याचा आतला पडदा मधोमध झिजत चाललाय. कडेचं दिसत राहील. समोरचं, ज्याच्याकडे बघाल नेमकं तेच, पुसट होत जाईल. चष्म्याने भागणारं दुखणं ते नव्हतं.

त्यानंतर मालकीणबाईंनी फार चर्चा केली नाही. एके दिवशी डबा झाकून त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. "यातलं एक सांगा. बारा नाही जमायची. एक जमेल."

"या वयात कुठे गं—"

"डोळे आहेत तोवर. एक सांगा."

मालक भिंतीला नाक लावून, मान वाकडी करून एकेक पान बघत गेले. कप्तान म्हणाले, "मार्च घे, मार्च. कड्यावरचा सूर्यास्त!" लेकीने फोनवरून जून सुचवलं, थंड हवा बरी म्हणून. मी मनात म्हणत होते, कुठलीही घ्या, पण तिला नको. मालकांचं बोट सप्टेंबरवर थांबलं.

जायच्या आधी ते रोज दोन्ही वेळा सरावाला यायचे. एरवी मी फुलून गेले असते. पण माझ्या अंगावर उभं राहून तिच्यासाठी तयारी चालली होती! म्हणजे स्वयंपाक माझ्या चुलीवर आणि पंगत तिच्या अंगणात. मला सगळं माहीत होतं. त्यांचा हात वीतभर डावीकडेच जाणार हे माहीत होतं. मी म्हटलं, जा. तिच्यापुढे सगळे चेंडू डावीकडे जाऊ देत. अशी तोंडघशी पाडेल ती, की परत नाव काढणार नाही तुम्ही. हो, असं म्हटलं मी. जिवाचा इतका संताप झाल्यावर कोण गोड बोलेल?

मग मालकीणबाईंनी मला गुंडाळलं, दोरीने बांधलं आणि माळ्यावर जुन्या फ्रेमींच्या खोक्यांशेजारी टाकलं. अंधारात पडल्या पडल्या मला सारखी ती दिसत होती. तिच्यावरून चालणारे मालकांचे पाय दिसत होते. परतल्यावर मला कोण विचारणार? कप्तानांच्या तोंडी बसली तशी ती आता मालकांच्या तोंडी बसणार. मी फळवाल्याकडे गेले असते तर बरं झालं असतं, असंही एकदा वाटून गेलं.

ते परत आले आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी मला खाली काढलं. दोरी सुटली, माझी एक कड जराशी वळलेली राहिली, ती मालकांनी पायाने दाबली. कप्तान खुर्चीवर होते. लेकही आली होती, तीही आता याच व्यवसायात आहे आणि दुकान तीच सांभाळणार असं ठरत होतं.

"सांग सगळं," कप्तान म्हणाले. "पहिल्यापासून."

"काय सांगू? अठरातले सतरा होल, सतरा वेळा डावीकडे."

मला हसू फुटलं. खरंच फुटलं. मग मी मालकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गप्प झाले. त्यांना तिथलं फार काही दिसलंच नव्हतं. वारा ऐकू आला, म्हणाले, समुद्राचा वास आला, पण झेंडा म्हणून बघायला जावं तर तिथे नुसता राखाडी डाग. सतराव्या होलनंतर ते एका उंचवट्यावर बसून राहिले होते. मालकीणबाई म्हणाल्या, "मला म्हणाले, चल परत. उगाच आलो. मी म्हटलं, एकच उरलाय, तेवढा खेळा. तर म्हणे, बूट चावतायत."

"मग?"

"मग मी म्हटलं, काढा बूट."

कप्तान खुर्चीतून अर्धे उठले. "त्या मैदानावर? अनवाणी?"

"आमची बॅग उचलणारा माणूस भला होता. त्याने समुद्राकडे तोंड फिरवलं."

पुढचं मालकांनी सांगितलं. मोजे काढून ते गवतावर उभे राहिले. होल कुठे आहे ते दिसत नव्हतं, म्हणून मालकीणबाई होलपाशी जाऊन झेंडा धरून बोलत राहिल्या, इकडे, इकडे. मालकांनी पाय रोवले. आणि थांबले. अंगाचा भार पायांच्या बोटांवर येत होता. टाचा किंचित वर, बोटं किंचित खाली.

"मला वाटलं, समोर हात केला तर बेसिनचा नळ लागेल," मालक म्हणाले. "मी ओरडलो, अगं, ही तर आपली मागची खोली! मग काय, बघायचं होतं कुणाला? रोज मारतो तसा मारला. बराच वेळ काही नाही. आणि मग 'टक्'."

"मी आपली सवयीने म्हणाले, पडला वाटतं!" मालकीणबाई हसत होत्या आणि पदराने डोळेही पुसत होत्या.

 मग लेक म्हणाली, "म्हणजे या खोलीला उतार आहे?"

"आहेच की," मालकीणबाई म्हणाल्या. "बादली सांडली की पाणी कुठे जातं?"

मालक त्यांच्याकडे वळले. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मला काय ठाऊक, तुमच्या खेळात उतार चालत नाही ते!"

कप्तान असे हसले की त्यांच्या चष्म्याचा स्क्रू खरोखरच पडला.

मी हसले नाही. मी नुसती पडून होते. जगातल्या लोकांनी जिच्यासमोर टोप्या काढाव्यात, तिच्या अंगावर उभं राहून माझ्या माणसाने माझी आठवण काढली होती. तिची नव्हे, माझी. तिच्याकडे सगळं होतं, समुद्र, वारा, मेंढ्या. आणि त्यांना हवं होतं ते माझ्याकडे होतं.

आता मालकांना समोरचं जवळजवळ दिसत नाही. दुकान लेक चालवते आणि छान चालवते. पुढे नवी कपाटं, नवे दिवे येतायत. परवा ती मिस्त्रीला घेऊन मागे आली. "बाबा, इथली फरशीही सपाट करून घेऊ. तुम्ही एकटे असता, पाय घसरला म्हणजे?"

"इथली नको," मालक म्हणाले.

"पण उतार धोक्याचा आहे."

"पुढचं दुकान तू नवं केलंस, चांगलं केलंस. पण मला ते दिसत नाही गं. ही एवढी खोली मला अजून दिसते." असं म्हणून त्यांनी चपला काढल्या आणि माझ्यावर येऊन उभे राहिले. लेक मिस्त्रीकडे वळली. तिने नळाजवळ भिंतीला एक दांडा बसवायला सांगितला, धरायला.

अकरा पानं मालकांनी कप्तानांना देऊन टाकली. सप्टेंबर तेवढी राहिली आहे. दुपारी मालकीणबाई तिच्यासमोर उभ्या राहून सांगतात, इथे खड्डा, इथे झेंडा, इथे तुम्ही बूट काढलेत, आणि मालक ऐकत बसतात. मला वाटलं होतं, आता माझा मत्सर जाईल. नाही गेला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि मी तर नायलॉनची.

उद्या मिस्त्री कामाला लागणार आहेत. त्यांना माझं एकच सांगणं आहे. बाबांनो, पुढे हवं ते करा. पण माझ्याखाली लेव्हल लावू नका, ही फरशी आहे तशी असू द्या, या माणसाचे डोळे आता इथे आहेत. आणि काम करताना त्या सप्टेंबरवर सिमेंटचा एखादा शिंतोडा उडालाच, तर उडू द्या. पुसायची काही घाई नाही.