तिघांच्या मापाचा तंबू

मी एक जुना तंबू आहे. जुना झालो तो वयाने, वापराने नव्हे.

मित्रांनो, मुंबईच्या दुकानात मला दाराशीच उभा करून ठेवत. मुलं आत डोकावून माझ्या निळ्या कापडावरून हात फिरवत. तिथून विनोदने मला घेतलं. तो मुंबईत नोकरी करतो; बायको निशिगंधा आणि लेक शमिका रत्नागिरीजवळच्या गावी राहतात. दिवाळीच्या सुट्टीत एक रात्र तंबूत राहायचं, असं त्याने लेकीला कबूल केलं होतं.

जागा मात्र ठरेना. समुद्रकाठी म्हटलं, तर निशिगंधा म्हणाली, "भरती कुठवर येईल, कोण सांगणार?" माडाखाली? "आणि नारळ पडला म्हणजे?" शेवटी विनोद मला गावावरच्या सड्यावर घेऊन गेला. सडा म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं माळरान. तिथून दूरवर शहराचे दिवे दिसतात. त्याने खुंटी ठोकली आणि ती पहिल्याच घावाला वाकली.

गुरं घेऊन निघालेले शेजारचे परशुरामदादा थांबले. "विनोदा, कातळात खुंटी मारतोस होय? सुरुंग आणून देऊ काय?"

शमिका खुदकन हसली. निशिगंधा हसली नाही. "इथं दगडाखाली विंचू असतात हो. पुढच्या सुट्टीत बघू."

विनोद मुंबईला गेला आणि मी माळ्यावर, मोडक्या पंख्याशेजारी. शमिका आधी रोज विचारायची, "आई, तंबू कधी?" मग कधीतरी विचारू लागली. मग विचारेनाशी झाली. उंदरांनी माझी पिशवी कुरतडली, त्याहून ते मला जास्त लागलं.

पुढच्या दिवाळीत विनोदला रजाच मिळाली नाही. "आपण दोघी जाऊ या का गो तंबूत?" निशिगंधाने विचारलं.

"राहू दे आई. तुला भीती वाटते ना." शमिका रागाने बोलली नाही, आईला सांभाळून घेतल्यासारखी बोलली.

निशिगंधाने शिडी लावून मला खाली काढलं.

उजेड असतानाच दोघी सड्यावर आल्या. निशिगंधाने एकेक दगड काठीने उलटला, खाली पाहिलं, मगच माझ्या दोऱ्या त्या दगडांना बांधल्या. खुंट्या लागल्याच नाहीत. मी उभा राहिलो. सड्यावर फोनला रेंज येते, म्हणून तिने विनोदला फोन लावला.

"कुठं आहात दोघी?"

"तुम्ही निवडलेल्या जागी."

विनोद म्हणाला, "आणि विंचू?"

"बघितलं सगळीकडे. नाहीत."

शमिकाने एका बाजूला बाबाची उशी मांडली. तिथं कुणी झोपलं नाही. वाऱ्याने ती बाजू सारखी आत दबत होती आणि निशिगंधा विजेरी हातात धरून तिकडे बघत होती.

मित्रांनो, जागा निवडताना भीती वाटली तर वाटू द्या. दगड उलटून बघा. पण बघून झालं की आम्हाला उभारा, पुन्हा माळ्यावर टाकू नका. मी तिघांच्या मापाचा शिवलेला आहे. माझ्यात अजून एकाची जागा रिकामी आहे.