मठाच्या गुऱ्हाळात माझी खुर्ची

दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. आमच्या राहात्याकडं पाटाला पानी हुतं, ऊस डोक्याच्या वर गेल्ता. गावाबाहेरच्या गोसाव्यांच्या जुन्या मठात गुऱ्हाळ लागलं. तिथं पहिल्या काहिलीचा, म्हंजी रस आटवायच्या मोठ्या कढईचा, गूळ परसाद म्हनून वाटत्यात, पन कुनाच्या घरी धाडत न्हाईत. ज्यानं त्यानं यायचं, हात पसरायचा. बैलगाडीवरनं पडून माझे पाय गेले, तवापासून मी त्या गुळाचं तोंड बघितलं न्हवतं. लई जीव तुटायचा.

त्या साली माझ्या भावानं, मच्छिंद्रनं, नागापूरच्या कारखान्यात सायकलची चाकं लावून मला खुर्ची करून दिली. मग काय! आमचे मालक म्हनले, "पाठीवर नेतो की तुला."

"मी काय पोतं हाय व्हय? माझी मी जानार!"

मठाच्या दारात कारभारी दत्तोपंत आडवे आले. "आक्काबाई, आत पायताण चालत नाही."

"माझ्या पायात काय हाय? बघा की!"

"पायात नाही, पण ही चाकं शेणातनं आलीत. पायताणच झालं ते. खुर्ची बाहेर ठेवा, मठाचा गडी सहादेव तुम्हाला नेईल उचलून."

अस्सा संताप आला! डोळ्यांत टचकन पानी आलं. म्हनलं, "मग मी हितंच बसते दार अडवून. बघते कोन आत जातंय!"

मागं लोकं खोळंबली. त्यात लंकाबाई हुती, पूजेचं ताट घिऊन. तिनं तांब्यातल्या पान्यानं चाकं धुतली. तेवढ्यावर थांबंल ती लंकाबाई कसली! नवी गाडी दिसली की तिचा हात ऱ्हात न्हाई. तिनं चाकांना हळदकुंकू लावलं आन् सवयीनं वाकून नमस्कारबी केला. मागच्या बायाबी एकेक करून चाकाच्या पाया पडल्या.

"अहो, हे काय!" दत्तोपंत म्हनले.

"आता बोला पंत. एवढ्या बाया पायतानाच्या पाया पडल्या व्हय?"

त्यांना हसू आवरंना. "चला माझे आई, चला आत!" म्हनत त्यांनीच दार सताड उघडलं.

आत उसाच्या चिपाडात चाक रुतलं. मालक धावले, पन मी त्यांना हात लावू दिला न्हाई. दात-ओठ खाऊन काहिलीपाशी पोचले. कानिफनाथ गुळव्यानं उलथन्यावर ताजा गूळ घेतला आन् मालकांम्होरं धरला. "वहिनींना द्या."

मी मधीच हात घातला. "हिकडं! आलेय न्हवं मी?"

त्यानं गूळ माझ्या तळव्यावर ठेवला. आई गं, काय पोळला!

"टाक, अगं टाक!" मालक वरडले.

मी मूठ मिटली आन् हसत सुटले.