लग्नातलं कपाट

लग्नात वडिलांनी दिलेलं सागवानी कपाट आकांक्षानं पांढरं रंगवलं आणि वापरून झिजल्यासारखं दिसावं म्हणून पंधरा दिवस खपून त्याच्या कडा सँडपेपरनं घासल्या. त्यात तिचं मनगटही सोललं. पण मैत्रिणी बघून जळल्या.

रविवारी अंतरवालीहून भुजंगराव लेकीकडं जालन्याला आले, ते कपाटापाशीच थिजले. जागोजागी उडालेल्या रंगावरून हात फिरवताना त्यांचा चेहरा उतरत गेला.

"दादा, मीच केलंय हे," चहा ठेवत ती हसली. "सध्या हीच फॅशन आहे."

त्यांनी चहाला हात लावला नाही. आत बसलेल्या जावयाकडं एकदा पाहिलं, मग लेकीचं सोललेलं मनगट धरलं आणि हळू आवाजात विचारलं, "मंग हे बी तूच केलं म्हणून सांगशील का, पोरी?"